जंगल-डोंगरासाठी मध्यम वजनाची पँट: माप आधी, कापड नंतर

परदेशातल्या दुकानांत ज्या पँटवर ‘हंटिंग’ अशी चिठ्ठी लावलेली असते, ती आपल्याकडे शिकारीसाठी कुणी घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. पण ती पँट ज्या कामासाठी बेतलेली असते, ते काम आपल्याकडे भरपूर आहे. पहाटेच्या गारठ्यात निघायचं, दुपारच्या उन्हात चालायचं, मधेच भिजायचं, काटेरी झुडपांतून वाट काढायची आणि मग आवाज न करता तास-दोन तास एका जागी बसायचं. पक्षी बघणारे, वन्यजीवांचे फोटो काढणारे, मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना करणारे आणि सह्याद्रीत बारा महिने फिरणारे, या सगळ्यांना नेमकी अशीच पँट लागते. डेकॅथलॉनचा सोलोन्याक हा मूळचा शिकारीच्या कपड्यांचा ब्रँड. त्याच्या पँट आपल्याकडचे पक्षिनिरीक्षक वापरतात ते याच कारणाने.

निवड काय करावी ते आधीच सांगून टाकतो. चौरस मीटरला १६० ते २०० ग्रॅम वजनाचं, विणलेलं (होजिअरीचं नव्हे) नायलॉन, त्यात ३ ते ८ टक्के इलास्टेन (कापडाला ताण देणारा धागा), पृष्ठभाग गुळगुळीत, आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधल्या जोडावर, वेगळा जोडतुकडा, गुडघ्याला आधीच दिलेला बाक, आत अस्तर नाही, वॉटरप्रूफ पडदा (कापडाला आतून चिकटवलेला, पाणी अडवणारा पातळ थर) नाही. अशी एक पँट, तिच्या आत घालायला एक थर्मल आणि वरून चढवायला एक पातळ पावसाळी पँट. हरिश्चंद्रगडापासून हिमालयातल्या केदारकंठापर्यंत बहुतेक सगळं यात भागतं. पण हे सगळं लागू पडतं ते पँट अंगाला नीट बसत असेल तरच. चुकीच्या मापातलं उत्तम कापड हे योग्य मापातल्या साध्या कापडापेक्षा जास्त त्रास देतं. म्हणून सुरुवात मापापासून.

माप

चिठ्ठीवरचा कमरेचा आकडा हा सगळ्यांत कमी भरवशाचा. एकाच आकड्याच्या दोन ब्रँडच्या पँटमध्ये दीड-दोन इंचांचा फरक सहज निघतो. घरातली जी पँट उत्तम बसते ती जमिनीवर सपाट पसरा, चेन-बटण लावा आणि टेपने चार मापं घ्या: कमरपट्टीची रुंदी (दुप्पट केली की कंबर), आसनाच्या शिवणीपासून एक इंच खाली मांडीची रुंदी, आसनापासून मोहरीपर्यंत (पायाच्या खालच्या कडेपर्यंत) आतली लांबी, आणि आसनाच्या शिवणीपासून मागच्या कमरपट्टीपर्यंतची उंची. हे चार आकडे फोनमध्ये ठेवून दुकानात जा. ऑनलाइन घेतानाही हेच आकडे ब्रँडच्या तक्त्याशी ताडून बघा. अंगाचं माप घ्यायचंच असेल तर टेप बेंबीवर नको, पँट जिथे बसते तिथे लावा.

मागची उंची हे माप बहुतेक लोक घेतच नाहीत, आणि डोंगरात पहिला त्रास तिथूनच होतो. मागची बाजू उथळ असेल तर उकिडवं बसल्यावर पँट खाली सरकते, शर्ट बाहेर येतो, सॅकचा खालचा भाग उघड्या पाठीवर घासतो. दोन तासांत तिथली कातडी सोलवटते. चांगल्या पँटमध्ये मागची कमरपट्टी पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच वर असते. घडी घालून ठेवलेल्या पँटमध्येही हे बाजूने बघितलं की दिसतं.

मांडीत किती सैलपणा हवा? उभं राहून मांडीच्या बाहेरच्या बाजूचं कापड चिमटीत धरा. चिमटीत २ ते २.५ सेंटिमीटर कापड आलं पाहिजे, म्हणजे घेरात ४-५ सेंटिमीटर सूट मिळते. आत थर्मल घालायला एवढी जागा पुरते आणि उंच पाऊल टाकताना कापड अडत नाही. यापेक्षा कमी असेल तर कापड घामाने मांडीला चिकटतं आणि प्रत्येक पावलाला ते ओढून वर घ्यावं लागतं. चढावर हा थकवा जाणवतोच. यापेक्षा बरंच जास्त असेल तर फडफडणारं कापड करवंदीच्या जाळीत अडकतं. कमरेला मात्र जास्तीची सूट नको. बेल्ट आवळून चुण्या पडल्या की त्या चुण्यांवर सॅकचा कमरपट्टा दाबतो, आणि संध्याकाळपर्यंत तिथे लाल वळ उठतात. अर्धा-एक इंच ठीक, दोन इंच म्हणजे एक माप कमी घ्या. कमरपट्टीत दोन्ही बाजूंना लपवलेलं इलास्टिक असेल तर उत्तम, कारण आठ-दहा दिवसांच्या हिमालयातल्या ट्रेकमध्ये कंबर थोडी उतरतेच.

लांबीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांची आतली लांबी २८ ते ३१ इंच असते, आणि आयात मापांच्या पँट ३२ किंवा ३४ च्या येतात. सरळ विचार असा की शिंप्याकडे नेऊन मोहरी दुमडून घ्यायची. साध्या पँटला ते चालतं. पण गुडघ्याला बाक दिलेल्या पँटमध्ये तो बाक ठरावीक उंचीवर शिवलेला असतो. पँट तीन इंच लांब असेल तर बाक तुमच्या गुडघ्याच्या खाली, नडगीवर येतो. मोहरी कितीही कापा, बाक जागेवरून हलत नाही. मग गुडघा वाकवताना कापड वाटीवर ताणलं जातं आणि खाली उगाच फुगा राहतो. म्हणून लांबीचे दोन-तीन पर्याय देणाऱ्या ब्रँडची पँट शोधा आणि दुमडायची वेळ आलीच तर एक-दीड इंचापर्यंतच. मोहरीला दोरी किंवा चेन असेल तर त्याहून जास्त कापताच येत नाही.

मोहरी कुठे यावी? बूट घालून उभं राहिल्यावर मागून बुटाच्या टाचेच्या वरच्या कडेशी. ऑफिसच्या पँटसारखी टाचेखाली जाणारी मोहरी चिखल ओढते, आणि उतारावर मागच्या पायाचा बूट पुढच्या पायाच्या मोहरीवर पडला तर माणूस तोंडघशी पडतो. पावसाळ्यासाठी आणखी एखादा इंच वर चालेल.

दुकानातली पाच मिनिटं

पँट चढवून आरशासमोर उभं राहण्यात काही हाती लागत नाही. ज्या बुटांवर घालणार ते बूट नेऊन ट्रायल रूममध्ये एवढं करा. पूर्ण उकिडवे बसा, टाचा टेकवून. आसन ओढलं गेलं किंवा कंबर दोन इंचांहून खाली सरकली तर ती पँट नको. खुर्चीच्या बैठकीवर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरवर, एक पाय ठेवून वर चढा. रॉक पॅचवर किंवा किल्ल्याच्या तुटक्या पायऱ्यांवर हेच पाऊल दिवसभर टाकायचं असतं. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठा. खिशात फोन ठेवून गुडघा छातीकडे न्या. फोन मांडीच्या हाडावर आडवा येत असेल तर तो खिसा चालताना वापरता येणार नाही. शेवटी सॅक पाठीला लावून कमरपट्टा बांधा. बेल्टचं बकल आणि पट्ट्याचं बकल एकावर एक आले तर पोटात रुततं. पितळी बकलाच्या चामडी बेल्टऐवजी सपाट प्लास्टिक बकलचा, विणलेल्या पट्टीचा बेल्ट वापरा.

आसन आणि शिवण

साध्या पँटमध्ये चार शिवणी आसनात एका बिंदूवर येऊन मिळतात. तिथे कापडाचे आठ-आठ थर साचतात, आणि हा जाड गठ्ठा नेमका मांड्यांच्या मध्ये घासतो. कोरडं असताना कळत नाही. भिजलेल्या पँटने चार तास चाललं की चालता येईनासं होतं. चांगल्या पँटमध्ये इथे शंकरपाळ्याच्या आकाराचा किंवा लांब पट्टीसारखा वेगळा तुकडा घालतात, त्याला गसेट म्हणतात. जुन्या पद्धतीच्या लेंग्याच्या आसनात शिंपी घालत असलेला चौकोनी तुकडा याच कामाचा. गसेटमुळे दोन फायदे होतात. शिवणी घासण्याच्या जागेवरून बाजूला सरकतात, आणि पाय फाकवताना ताण एका बिंदूवर न येता पसरतो. पँट आसनात फाटते ती बहुतेक वेळा गसेट नसल्यामुळे. कापड दोषी नसतं. आणि हा तुकडा नंतर शिंप्याकडून बसवून घेणं अवघड, कारण त्यासाठी आसनच उसवावं लागतं. म्हणून गसेट नसेल तर पँट परत ठेवा.

पँट उलटी करून शिवण बघा. आतली शिवण दोन्ही कडा आत मोडून, वरून दोन किंवा तीन समांतर टिपा मारलेली असावी. फक्त ओव्हरलॉक केलेली एकेरी शिवण काट्यांच्या ओढीला टिकत नाही. खिशांची टोकं, चेनची खालची कड आणि बेल्टचे लूप या ठिकाणी दाट नागमोडी टाक्यांची छोटी पट्टी असायलाच हवी. लूप किती आहेत तेही मोजा. पाच असतील तर मागे मधला लूप ठळक जागी हवा, सात असतील तर आणखी चांगलं.

शिवणीजवळ कापड दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून बाजूला ओढा. टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसू लागला आणि धागे सरकलेलेच राहिले, तर ते कापड शिवणीतून निसटणार. पातळ, सुळसुळीत पॉलिस्टरमध्ये ही खोट वारंवार दिसते.

कापड

१२ औंसाची डेनिम म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम. ती पाणी पिते, जड होते, गुडघ्यावर आवळते आणि वाळत नाही. जीन्स घालून पावसाळी ट्रेकला जाऊ नये हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण त्याच कारणाने शंभर टक्के सुती कार्गोही नको, हे अजून तितकंसं रुजलेलं नाही. सामान्य दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, नायलॉन ४ ते ४.५ टक्के आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. पाण्यात भिजल्यावर ही तफावत आणखी वाढते. ओला सुती कपडा वाऱ्यात अंगातली उष्णता झपाट्याने खेचतो. जुलैत कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्यावर, धुक्यात आणि वाऱ्यात, हे हुडहुडी भरायला पुरेसं आहे.

मग सर्वांत कमी पाणी धरणारं पॉलिस्टरच का नको? कारण घासण्याला नायलॉन जास्त टिकतं, आणि सह्याद्रीत पँट झिजते ती घासूनच. मुरमाड घसाऱ्यावरून, नाळेतून (कड्यांमधल्या अरुंद घळीतून), बसाल्टच्या खरबरीत कातळावरून आपण अर्धा उतार बसूनच उतरतो. त्याच वजनाचं पॉलिस्टर बुडाशी लवकर विरतं. उलट उन्हात रंग आणि ताकद टिकवण्यात पॉलिस्टर सरस आहे, आणि वाळतं थोडं लवकर. म्हणून ज्यांचं फिरणं मळलेल्या वाटांवर आणि जीपमध्ये आहे त्यांनी पॉलिस्टर खुशाल घ्यावं. ज्यांच्या वाटेत कातळ आणि जाळ्या आहेत त्यांनी नायलॉन.

वजनाचं गणित असं. चौरस मीटरला १२०-१४० ग्रॅमच्या आसपासच्या पँट हलक्या, उन्हाळ्यात सुखाच्या, पण बोराटीचा काटा त्यातून थेट मांडीत जातो. २४० च्या पुढे सॉफ्टशेल, म्हणजे जाड, वारा अडवणारं ताणाचं कापड, सुरू होतं, ते हिमालयातल्या बर्फात चांगलं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची पहाट सोडली तर त्यात शिजायला होतं. १६० ते २०० हा पट्टा काटा अडवतो, वारा बऱ्यापैकी अडवतो आणि मार्चपर्यंत सहन होतो. ब्रँडने आकडा दिला नसेल तर कापड ट्यूबलाइटसमोर धरा. पलीकडची बोटं स्पष्ट मोजता आली तर ते हलक्या गटातलं.

इलास्टेन किती असावं यावर एक साधी परीक्षा आहे. कापडावर १० सेंटिमीटरची खूण बोटांनी पकडा आणि आडवं ताणा. ११.५ ते १२ पर्यंत जाऊन सोडल्यावर लगेच मूळ जागी आलं पाहिजे. ताण जास्त पण परत येणं मंद, असं कापड महिन्याभरात गुडघ्यावर फुगे धरतं. १० टक्क्यांहून जास्त इलास्टेन असलेल्या पँट दुकानात फार मऊ, सुखद वाटतात. पण इलास्टेन उष्णतेने आणि ब्लीचने कुजतं. एवढं नको.

पॉलिस्टर आणि कापूस ६५-३५ या प्रमाणातलं घट्ट कापड हा वेगळा रस्ता आहे. स्वीडनच्या फियेलरावेनचं जी-१००० कापड याच मिश्रणाचं, आणि त्यावर पॅराफिन व मधमाशांच्या मेणाची वडी घासून इस्त्रीने मुरवतात. ते टिकाऊ आहे, काट्याला दाद देत नाही, चालताना आवाज कमी करतं आणि शेकोटीच्या ठिणगीला नायलॉनपेक्षा बरंच तोंड देतं. नायलॉनवर ठिणगी पडली की क्षणात भोक. कोरड्या थंड हवेत, विदर्भातल्या हिवाळी जंगलांत, ते अप्रतिम. कोकणकड्याच्या पावसात मात्र मेण लावूनही ते शेवटी भिजतं, आणि भिजलं की दिवसभर ओलंच. मेणाने हवाही कमी खेळते. ताण जवळपास नाही, म्हणून माप आणखी काटेकोर हवं.

कुसळं, काटे आणि गोचीड

परदेशी परीक्षणांत हा भाग सापडत नाही, आणि आपल्याकडे पँट इथेच उत्तीर्ण किंवा नापास होते. शिकारीच्या पँटमध्ये कापडाचा पृष्ठभाग बरेचदा किंचित घासून लव काढलेला असतो. त्याने दोन मांड्या एकमेकांना घासताना आवाज येत नाही. हरणाच्या जवळ जायचं तर ते बरोबरच. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्या माळांवर आणि पठारांवर कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं टोकाला सुईसारखी, मागे उलट्या केसांची, आणि दमट-कोरड्या हवेत पिळ घेत पुढे सरकणारी. लव असलेल्या कापडात ती शेकड्याने घुसतात आणि आतून पोटरीला टोचत राहतात. ती काढायला चालण्याइतकाच वेळ जातो. होजिअरीच्या ट्रॅकपँटची तर कुसळांत अक्षरशः चाळण होते. गुळगुळीत, दाट विणीच्या नायलॉनवर ती टिकत नाहीत. हाताने झटकली की बहुतेक पडतात. म्हणून इथे सरळ निवड करावी लागते. फक्त लपणघरात बसून पक्षी टिपणाऱ्याने लव असलेली, आवाज न करणारी पँट घ्यावी. गवतातून चालणाऱ्याने गुळगुळीत. गुळगुळीत कापडाचा आवाज किती येतो ते नखाने सर्रकन ओरखडा काढून ऐका. कागदासारखा करकर आवाज आला तर त्यावर आतून लेप दिलेला आहे.

रिपस्टॉपबद्दल गैरसमज बराच आहे. दर ५-८ मिलिमीटरवर जाड धाग्याचे चौकोन असलेली ती वीण फाटणं थांबवत नाही, फाटलेलं पुढे पसरू देत नाही. घाणेरीच्या काट्याने एल आकाराचं फाटायच्या जागी छोटं भोक पडून तिथेच थांबतं. एवढ्यासाठीही ती घेण्यासारखी आहे.

पावसाळ्यात आंबोली, कोयना, चांदोली या पट्ट्यांत जळवा असतात. पँट कितीही घट्ट असो, जळू मोहरीतून वर चढते. मोहरी मोज्यात खोचा आणि वरून दाट विणीचे जळूमोजे घाला. खोचण्यासाठी मोहरी अरुंद, पण बूट घातलेला पाय त्यातून निघेल एवढी हवी. सपाट धरल्यावर १७-१९ सेंटिमीटर रुंदी बहुतेकांना जमते. हीच सवय गोचिडांसाठीही महत्त्वाची आहे. २०१५-१६ पासून गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गमध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडांतून पसरतो, आणि त्यांचा जोर हिवाळ्यापासून पावसाआधीपर्यंत असतो. या भागात फिरताना पँट फिकट खाकी किंवा वाळूच्या रंगाची घ्या. गडद कापडावर तिळाएवढी गोचीड दिसतच नाही.

रंगाचं दुसरं कारण आग्या मोहोळ. गडांच्या कड्यांवर पोळी असतात, आणि गडद रंगाला मधमाश्या जास्त चिडतात. काळी पँट दुकानात छान दिसते. डोंगरात ती उन्हात तापते, गोचीड लपवते आणि माश्यांना डिवचते. खाकी, फिकट ऑलिव्ह किंवा मातकट तपकिरी घ्या. लष्करी छापाच्या पँट तर टाळाच. सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूने तसा वेश करणं हा कायद्याने गुन्हा आहे. हेतू नसला तरी काश्मीर-लडाखकडच्या नाक्यांवर विनाकारण प्रश्नोत्तरं होतात, आणि पक्षी बघायला त्या छापाची गरज नसते.

पाऊस: वॉटरप्रूफ नको

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात. पडदा चिकटवलेली पँट युरोपातल्या थंड, रिमझिम पावसासाठी आहे, जिथे आत कोरडं, गरम आणि बाहेर गार असतं, म्हणून वाफ बाहेर पडते. आपल्या पावसाळ्यात हवा गरम आणि दमटपणा शंभर टक्क्यांच्या आसपास. वाफेला बाहेर जायला वावच नसतो. तासाभरात आतला माणूस घामाने तितकाच भिजतो, आणि ती पँट वाळायला दुप्पट वेळ घेते. वर ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं, तिथे पडद्याचा उपयोग शून्य. सह्याद्रीच्या पावसात भिजायचंच आहे असं धरून चाला. भिजल्यावर जड न होणारी, न आवळणारी, चालता चालता अंगाच्या उष्णतेने वाळणारी पँट हवी. खिशांना आतून जाळी असेल तर पाणी साचत नाही.

पाणी ओघळवणारा हलका लेप मात्र उपयोगी आहे. पहिली सर, दवाने भिजलेलं गवत, सांडलेला चहा, एवढं तो पेलतो. चमचाभर पाणी टाकून बघा. थेंब मोत्यासारखे घरंगळले पाहिजेत. हल्ली फ्लोरिनयुक्त रसायनं वगळलेले लेप येतात. कॅलिफोर्नियात २०२५ पासून आणि फ्रान्समध्ये २०२६ पासून कपड्यांतली ही रसायनं बंद होत गेली आहेत. नवे लेप पाण्याला ठीक, तेलकट डागाला कमी, आणि ते धुण्यात लवकर उतरतात. निसर्गाच्या ओढीने फिरणाऱ्याने एवढी गैरसोय पत्करायला हरकत नाही.

चेनने अर्धी होणारी पँट

गुडघ्यावर चेन लावून चड्डी करता येणारी पँट आपल्याकडे फार खपते. सह्याद्रीसाठी ती नको. चेनची पट्टी ताणत नाही, त्यामुळे मांडीभोवती एक ताठ कडं तयार होतं आणि उंच पाऊल टाकताना तेच अडतं. चिखल-वाळू दातांत गेली की चेन अडकते, बुटांवरून पाय निघत नाही, आणि चड्डीवर कारवीतून चालायचं तर पोटऱ्या ओरखड्यांनी भरतात. उन्हाळ्यातल्या हिमालयात, मोकळ्या कुरणांतून दिवसाला ऊन-थंडीचे चार फेरे असतात, तिथे तिला अर्थ आहे. घेतलीच तर मोहरीपासून पोटरीवर लांब उभी चेन असलेली घ्या, म्हणजे बूट न काढता पाय निघतो.

खिशांचं थोडक्यात: पुढचे दोन खोल, मांडीवर बाहेरच्या बाजूला पण किंचित पुढे एक चेनचा सपाट खिसा, मागे एक. फुगणारे मोठे कार्गो खिसे भरले की दर पावलाला मांडीवर आपटतात. मागच्या खिशाला धातूचं बटण नको; बसून उतरताना ते कातळावर घासून तुटतं आणि सोबत कापडही फाडतं. बुडाशी दुहेरी कापड टिकतं जास्त पण वाळतं उशिरा. नियमित नाळा उतरणाऱ्यांनीच ते घ्यावं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथले सिटका, क्यूयू, फर्स्ट लाइट हे शिकारीचे ब्रँड सहज मिळतात, आणि त्यांचं गुडघा-आसनाचं बेतकाम खरोखर उत्तम असतं. छापील रंगांऐवजी एकरंगी घ्या. शरद ऋतूत शिकारीच्या हंगामात तिथल्या रानात फिरताना अंगात भगवट चमकत्या रंगाचं जाकीट घाला. कोलोरॅडोत रायफलने मोठी शिकार करणाऱ्यांना कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच असा चमकता भगवा किंवा गुलाबी रंग सक्तीचा आहे. नुसत्या फिरणाऱ्यानेही तो पाळावा. तिथली पँट भारतात मागवताना लांबीच्या मापाची वरची सूचना दुप्पट काळजीने पाळा.

धुणं आणि डागडुजी

ट्रेकहून आल्यावर आधी कुसळं काढा, मग धुवा. धुण्यात ती आणखी आत शिरतात. तांबडी माती पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग पाणी लावा. ओल्या मातीवर साबण चोळला तर डाग बसतो. खाजकुयलीचे केस लागले असतील तर पँट वेगळी, भरपूर वाहत्या पाण्यात, हातमोजे घालून. चेन लावून, उलटी करून, गार पाण्यात, द्रव साबणाने. कंडिशनर अजिबात नको, तो धाग्यांवर थर देतो. मग लेप मरतो आणि घामही शोषला जात नाही. कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणात घातलेले पदार्थ अतिनील प्रकाश शोषून तो निळसर प्रकाशाच्या रूपात परत फेकतात. हरणांना निळा-अतिनील भाग आपल्यापेक्षा चांगला दिसतो, अनेक पक्ष्यांनाही. लपून बसणाऱ्यांनी ‘शुभ्रतेचा’ दावा करणारा साबण या पँटसाठी वापरू नये.

सावलीत वाळवा. थेंब घरंगळेनासे झाले तर आधी नीट धुऊन, वाळवून, एक टिंब म्हणजे ११० अंशांच्या इस्त्रीने पातळ कापडावरून हलकी इस्त्री करा, चिठ्ठीवर इस्त्रीला मनाई नसेल तर. बसलेला लेप उष्णतेने पुन्हा उभा राहतो. त्यानेही जमलं नाही तर फवाऱ्याचा नवा लेप.

मोहरी किंवा कंबर दुरुस्तीला देताना शिंप्याला दोन गोष्टी सांगून ठेवा: धागा पॉलिस्टरचा, सुती नको, आणि सुई ताणाच्या कापडाची, ८० किंवा ९० नंबरची. बोथट किंवा जाड सुईने इलास्टेनचे धागे तुटतात आणि शिवणीच्या रेषेवर महिन्याभरात बारीक भोकांची रांग दिसू लागते. भोक पडलंच तर आतून दुसरा नायलॉनचा तुकडा, कडा गोल कापून, लावा. चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी उसवतात. इस्त्रीने चिकटणारी ठिगळं नायलॉनवर टिकत नाहीत आणि त्यांना लागणारी उष्णता कापडच आक्रसवते.